पेशकारसाहेबांचा मुआयना

पेशकारसाहेबांनी माझ्या तोंडाकडे कधी नीट पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. आमची घरं समोरासमोर, मधे एक बैलगाडी जाईल एवढाच रस्ता, आणि वर्षानुवर्षांचा शेजार. तरी मी पायातली जोडवी बदलून बाजारात समोर उभी राहिले असते, तर त्यांनी मला ओळखलं नसतं. हा माणूस पायांशी बोलायचा. कुणी आलं की आधी नजर खाली, मग एक लांबलचक ‘हं’, आणि त्या ‘हं’नंतर समोरच्याचा निकाल लागलेला असायचा. बिचारं तोंड वर बोलत बसायचं, तिकडे कुणाचं लक्षच नसायचं.

हल्ली आमच्या घरी जेवताना नातवंडं भांडतात. शिकायला, नोकरीला मदत द्यायची ती जात पाहून द्यावी की गरिबी पाहून, यावर. मोठा म्हणतो जात कशाला, गरज पाहा. धाकटी म्हणते जात पाहिल्याशिवाय गरज दिसतच नाही. दोघं मग माझ्याकडे पाहतात, आजी काय म्हणते म्हणून. आजी काय म्हणणार! आजीला पेशकारसाहेब आठवतात आणि वरण गिळवत नाही.

निजामाच्या अमलात ते आदिलाबादच्या तहसिलीत पेशकार होते. म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारे, आणि कुणाचा कागद वर ठेवायचा, कुणाचा खाली, हे ठरवणारे. अंगात बंद गळ्याची शेरवानी, डोक्यावर काळी टोपी, बोलण्यात अर्धी उर्दू. नोकरी सुटली तरी ‘पेशकार’ सुटलं नाही, बायकोसुद्धा त्यांना पेशकारसाहेबच म्हणायची. ‘तोंड खोटं बोलतं, वहिनी, पाय खोटं बोलत नाहीत,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. दाखल्यादाखल एक गोष्ट ठरलेली. गुडीहत्नूरकडचा एक जण शेत वाहून गेलं म्हणून शेतसारा माफ करा सांगायला आला होता. यांनी त्याचे पाय पाहिले. स्वच्छ, तेल लावलेले, टाचेला भेग नाही. शेत वाहून गेलेल्याचे पाय असे असतात होय? अर्ज खाली. ही गोष्ट ते इतक्या ऐटीत सांगायचे की ऐकणारा माना डोलवायचा. त्या माणसाची भावजय पुढे आमच्या ओळखीची निघाली. शेत खरोखरच वाहून गेलं होतं म्हणे. कचेरीत जायचं म्हणून बायकोनं त्याला अंघोळ घालून, पायाला तेल चोळून धाडलं होतं. मी हे पेशकारसाहेबांच्या कानावर घातलं, तर ते माझ्या पायांकडे बघत म्हणाले, ‘बायका काहीही बोलतात.’

मग संस्थान गेलं, आणि पुढे काही वर्षांनी राज्यांची फेरवाटणी झाली. नांदेड-परभणीकडचे आमचे सगळे सोयरे मुंबई राज्यात गेले, आम्ही पैनगंगेच्या या अंगाला आंध्र प्रदेशात राहिलो. लेकीचं माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात, असा प्रकार. उर्दूत फाडफाड लिहिणारी माणसं बघता बघता अडाणी ठरली. कचेरीत इंग्रजी आली, मागोमाग तेलुगू येणार असं सगळे बोलू लागले, आणि गावातली मराठी मंडळी एकमेकांना विचारू लागली. आपल्या पोरांचं काय होणार? एकच उपाय सगळ्यांच्या तोंडी. पोरांना इंग्रजी टायपिंग आलं पाहिजे.

म्हणून देवळात बैठक झाली. बायका खांबांच्या मागे बसल्या होत्या, त्यात मीही होते. वकीलसाहेब म्हणून एक गृहस्थ होते, आवाज मोठा आणि अक्कल बेताची. ते म्हणाले, ज्यानं त्यानं आपापल्या जातीचं पाहावं, आपण आपल्या पोरांपुरता वर्ग काढू. तेव्हा पेशकारसाहेब उठले. टोपी सारखी केली आणि म्हणाले, ‘मी असल्या कामात नाही. जात पाहायची नाही. गरज पाहायची. ज्याला गरज, तो आपला.’ टाळ्या पडल्या. मलासुद्धा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वकीलसाहेबही लगेच ‘बरोबर आहे, बरोबर आहे’ करू लागले. ते एवढ्या लवकर कसे वळले, याचं मला तेव्हा नवल वाटलं. पुढे वाटलं नाही.

वर्ग पेशकारसाहेबांच्या घरच्या पुढच्या खोलीत भरणार होता. टायपिंगची जुनी यंत्रं आणली गेली. शिकवायला आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान. ते कचेरीत टायपिस्ट होते, कचेरी सुटली की तिकडे. बाहेरगावच्या पोरांना मागच्या खोलीत राहायला जागा, दोन वेळचं जेवण, फी नाही, परीक्षा झाली की पेशकारसाहेब स्वतः नोकरीसाठी शब्द टाकणार. खेड्यातल्या पोराला याहून जास्त काय हवं! फक्त जागा थोड्या होत्या, आणि त्या गरजूंनाच द्यायच्या होत्या. गरजू कोण, हे पेशकारसाहेब पाय पाहून ठरवणार होते. त्याला ते ‘मुआयना’ म्हणायचे. तहसिलीत पिकाची पाहणी करताना तोच शब्द वापरायचे, आता पोरांची पाहणी.

माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही. वर्गाच्या पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही. यंत्रांना तेल स्वतः घालायचे, धूळ स्वतः पुसायचे, पोरांना ताप आला तर काढा करून आणायचे. याच गोष्टीचा मला जास्त राग येतो. लबाडाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

पहिल्या मुआयन्याची सकाळ मी जन्मात विसरणार नाही. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. एक पोरगा आला, म्हणाला, काकू, या चपला जरा ठेवता का? मी म्हटलं ठेव. मग दुसरा आला, त्यानं बूट काढले, वर घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. तिसऱ्यानं अंगठी. बघता बघता माझ्या ओसरीवर चपलाबुटांचा ढीग लागला, जसं काही आमच्याकडे लग्नच आहे. पेशकारसाहेब पाय बघतात, ही गोष्ट गावातल्या सगळ्या शिकल्यासवरल्या घरांना ठाऊक होती. तामसीकडचा एक होता, बापाची सरकी काढायच्या कारखान्यात भागी. त्यानं बूट उतरवले, रस्त्यावरची धूळ दोन्ही पायांना चोळली, आणि धोतर एका बाजूला जरा फाडून घेतलं. मी विचारलं, बाळा, हे काय रे? तर म्हणतो, ‘काकू, आईनंच सांगितलं असं कर म्हणून.’ धन्य ती माय!

तो आत गेला. आमच्या ओसरीवरून समोरची खोली सरळ दिसायची आणि आवाजही यायचा. पेशकारसाहेबांनी ते पाय पाहिले आणि चक्क डोळे पुसले. ‘किती चालून आलास, पोरा?’ म्हणाले. पोरगा मान खाली घालून उभा. तो बापाच्या दमणीतून आला होता, बैल मागच्या गल्लीत बांधलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. घेतला त्याला. वकीलसाहेबांचा भाचा घेतला, तोही अनवाणीच आला होता. आता मला कळलं, वकीलसाहेब देवळात का वळले ते. नियम कुठलाही असो, आपल्या घरात त्याची खबर आधी लागते ना, मग झालं तर.

तेवढ्यात रस्त्यावर करकर आवाज आला. नव्या कातड्याचा आवाज. पाहते तर एक सावळा, उंच पोरगा, इस्त्रीचा पांढरा सदरा, दुसऱ्याचा असावा, खांद्यात सैल होता. पायात इतक्या सुंदर वहाणा की मी निवडणं थांबवून बघत राहिले. पट्ट्यावर बारीक वेणी, टाचेला दुहेरी शिलाई. मागे त्याचा बाप, अनवाणी. बापाचं नाव लछमन, पोराचं किसन. जैनथचे. बाप चांभारकाम करायचा, आणि त्यांच्या वस्तीत मॅट्रिक झालेला किसन हा पहिलाच. मास्तरांनीच जैनथच्या बाजारात त्याला वर्गाबद्दल सांगितलं होतं.

बाप आमच्या पायरीपासून चार हात लांब बसला. मला राहवलं नाही. मी किसनला हळूच म्हटलं, बाळा, वहाणा इथं काढून ठेव आणि अनवाणी जा, साहेब पाय बघतात. पोरगा वाकलासुद्धा. पण बापानं त्याला थांबवलं.

‘नाही माय,’ लछमन म्हणाला. ‘आमी सारी जिंदगी या गल्लीतून वहाणा हातात घेऊन गेलो. माहा बापही तसाच गेला. आता पोरगा साहेबाम्होरं जाऊन राह्यला, त्याले अनवाणी काऊन धाडू?’

खरंच होतं ते. आमच्या गल्लीत शिरताना त्यांच्या लोकांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. आमच्यासारख्यांसाठी जन्मभर जोडे शिवायचे आणि आमच्याच दारावरून अनवाणी जायचं. मी लहानपणापासून ते पाहत आले होते, आणि पाहून पाहून ते मला दिसेनासं झालं होतं. सरकार बदललं, कायदा आला, आणि त्या बापानं पहिल्यांदा मनात धरलं की आपला पोरगा या गल्लीतून पायात घालून जाईल. त्यासाठी त्यानं जमेल तेवढं चांगलं कातडं मिळवून, होती नव्हती तेवढी कला ओतून ती जोडी शिवली होती. किसन करकर करत आत गेला.

पेशकारसाहेबांची नजर खाली गेली ती वर आलीच नाही. ‘हं’ सुद्धा नेहमीपेक्षा लांब निघाला. मग म्हणाले, ‘असल्या वहाणा तर माझ्याही पायात नाहीत. हा काही गरजू दिसत नाही. पुढचा.’

आमचे मास्तर गरीब स्वभावाचे, पण त्या दिवशी ते बोलले. ‘साहेब, याचा बाप चांभार आहे. वहाणा त्यानंच शिवल्यात. घरात या जोडीशिवाय दुसरं काही नाही.’

‘मास्तर,’ पेशकारसाहेब शांतपणे म्हणाले, ‘इथं जात काढायची नाही. देवळात सगळ्यांसमोर ठरलंय आपलं.’

मास्तर म्हणाले, मी जात काढत नाही, वहाणा कुठून आल्या ते सांगतोय. पेशकारसाहेब म्हणाले, दोन्ही एकच. तेवढ्यात वकीलसाहेबांना कंठ फुटला. अहो, त्या लोकांसाठी सरकारचं काहीतरी असतं की, इथं कशाला गर्दी! गंमत बघा. जात काढायची नाही हा नियम मास्तरांना, वकीलसाहेबांना नाही. त्यांना कुणी अडवलं नाही. पेशकारसाहेब तर पुढच्या पोराच्या पायांत रमलेसुद्धा होते.

किसन बाहेर आला. इंग्रजीत उत्तरं पाठ करून आला होता बिचारा, नावसुद्धा कुणी विचारलं नाही. बाप उठून उभा राहिला आणि डोळ्यांनीच काय झालं म्हणून विचारलं. पोरगा म्हणाला, ‘साहेबाले वहाणा लई आवडल्या.’

लछमनचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आणि तोच मला बघवला नाही. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं. त्यानं पोराच्या पायांकडे पाहिलं, माझ्या ओसरीवरच्या ढिगाकडे पाहिलं, आणि दोघं बसच्या रस्त्याला लागले. माझ्या संतापाचं काय करावं मला कळेना. मी तो चपलांचा ढीग लोटून रस्त्यावर दिला. पोरं बाहेर आल्यावर आपापला जोड शोधत बसली, आणि वकीलसाहेबांच्या भाच्याला एक बूट सापडेना, त्याचं मला आजही समाधान आहे.

मास्तरांनी मग किसनला आमच्या घरी बोलावलं. पुठ्ठ्यावर यंत्राच्या इंग्रजी कळा काढून दिल्या, त्यावर बोटं बसवायला शिकवलं. तो जैनथहून यायचा, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून पुठ्ठ्यावर टकटक करायचा. बोटं फार सुरेख बसली होती, मास्तर म्हणायचे, बापाचा हात आलाय. पण पुठ्ठ्यावर परीक्षा होत नाही. यंत्र द्या म्हणून मास्तर समोर गेले, तर पेशकारसाहेब म्हणाले, गरजूंची यंत्रं मी ऐपतदारांना कशी देऊ? त्यात इमानदारी किती होती बघा! पुढे लछमनचे डोळे गेले, घर कुणी चालवायचं हा प्रश्न आला, आणि किसनचं येणं बंद झालं. पुठ्ठा बरेच दिवस आमच्या चुलीमागे पडून होता.

वर्ग मात्र जोरात चालला. तामसीचा तो धुळीच्या पायांचा मोठ्या कचेरीत लागला. भाचा लागला. जो तो लागला. गावात कुणी सरकारी शिष्यवृत्तीचा विषय काढला की पेशकारसाहेब नाक मुरडायचे. जातीवर वाटतात, म्हणायचे, गरज कुठे पाहतात? किसनचा चुलतभाऊ त्याच शिष्यवृत्तीवर शिकून शाळामास्तर झाला, तेही यांना खपलं नाही. वकीलसाहेबांनी तर सरकारला शिव्या घालून घालून शेवटी स्वतःच्याच जातीपुरतं वसतिगृह काढलं. त्यात पहिली खोली कुणाला मिळाली असेल? दुसऱ्या भाच्याला. त्याच्या बापाची मोटार होती. तेव्हा मला कुणी जात की गरज विचारलं, की मी आधी विचारते, मुआयन्याला कोण बसलंय?

किसननं बसस्टँडजवळ पत्र्याखाली दुकान टाकलं. हात असा की वकील, डॉक्टर, मामलेदार सगळे तिथेच. आणि पेशकारसाहेब? ते तर पहिल्या गिऱ्हाइकांपैकी! पाय पुढे करून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, ‘याला मी तेव्हा वर्गात घेतलं नाही म्हणून गावाला एवढा कारागीर मिळाला. नाहीतर कुठेतरी कारकुंडा झाला असता.’ किसन मान खाली घालून माप घ्यायचा. स्वतःच्या पोरांना तरी कुणी असं म्हटलेलं यांना चाललं असतं का? यांची दोन्ही पोरं कारकूनच होती, आणि कारकून झाली म्हणून यांनी पेढे वाटले होते.

शेवटचं सांगायचं ते सत्काराच्या दिवसाचं. वर्गातून नोकरीला लागलेल्यांनी पेशकारसाहेबांना शाल द्यायचं ठरवलं, त्याच देवळात. उन्हाळा असा की दगडावर पाय ठरत नव्हता. मास्तर तोवर गेले होते, त्यांच्या जागी म्हणून मला बोलावलं होतं. भाषणं झाली. पेशकारसाहेब काठी टेकून उठले आणि म्हणाले, मी जन्मात जात पाहिली नाही. टाळ्या पडल्या. या वेळी मी हात पदराखाली ठेवले.

बाहेर आलो तर त्यांच्या वहाणा गायब. साहजिकच होतं, ढिगात सगळ्यांत चांगल्या त्याच होत्या. इतके सगळे साहेब झालेले विद्यार्थी, एकेक जण वाकून नमस्कार करून आपापल्या जोड्यात पाय घालून निघून गेला. म्हातारा पायरीच्या सावलीला उभा, एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवतोय. मला दया आली, एवढी मी वाईट नाही. मी रिक्षावाल्याबरोबर किसनला निरोप धाडला.

किसन आला. हातातलं काम टाकून तसाच आला होता, कमरेला कातड्याचा तुकडा, हातात नवी जोडी, पाय उघडे. दुकानात तो अनवाणीच बसायचा. तापलेला रस्ता ओलांडून आला, पायरीशी बसला, म्हाताऱ्याचे तळवे आपल्या खांद्यावरच्या फडक्यानं पुसले आणि वहाणा चढवल्या.

पेशकारसाहेबांची नजर सवयीनं खाली गेली. किसनच्या पायांवर. धूळ, भेगा, एका नखाला टोच्याची जुनी जखम. बराच वेळ पाहत राहिले, आणि हरखून, अगदी प्रेमानं म्हणाले, ‘अरे किसन, त्या दिवशी असा आला असतास, तर डोळे मिटून घेतला असता रे तुला.’

किसननं पट्टा ओढून सारखा केला.

‘बापानं येऊ नसतं देल्लं, साहेब,’ तो म्हणाला.

म्हाताऱ्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी दोनदा पाय आपटून जोडी बसलीय ना ते पाहिलं, ‘हं’ केलं, आणि काठी टेकत भर उन्हात घराकडे निघाले. गल्लीच्या वळणापर्यंत त्या वहाणांची करकर ऐकू येत होती.